शिमग्याचा बाप

बाबा, पोरीला मुंबईला ताईकडे सोडून आज आठ दिवस झाले. तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही लिहीत नाही. लहानपणी आईच्या पत्राखाली ती एक ओळ लिहून लिहून मला तिचा वीट आलाय, आणि तुमचा पत्ता तरी आता कुठे माहीत आहे? तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी काही बोलावं असं मला वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पितृपक्षात पान वाढतो, कावळा शिवला की हात जोडतो, विषय संपला. पण गेले आठ दिवस ड्यूटीवरून घरी आलो की पडवीच्या पायरीवर बसतो आणि तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आई आत खाटेवर आहे, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून ती निम्मं बोलते आणि निम्मं रडते. वाडीतली माणसं येतात नि म्हणतात, बरं झालं, पोरीचं कल्याण झालं. त्यांच्या तोंडाला कोण लागणार? चहा देतो नि वाटेला लावतो.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. साडेचार वर्षांची आहे. रंग तिच्या आईचा, नाक तुमचं, जीभ कुणाची ते देव जाणे, एकदा सुरू झाली की थांबत नाही. तुमची सून दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत गेली. साधा ताप वाटला, तो लेप्टो निघाला, शेतातल्या पाण्यातून होतो तो. रत्नागिरीला नेली तेव्हा उशीर झाला होता. पोरगी तेव्हा धड बोलतही नव्हती. सुरुवातीला संध्याकाळ झाली की दारात जाऊन उभी राहायची, आई येईल म्हणून. मग दिवाळीपर्यंत ते थांबलं. एक दिवस मी तिला फोटो दाखवून विचारलं, ही कोण? तर म्हणाली, "फोटोतली आई." म्हणजे फोटोत असते ती आई. मी तेव्हा हसलो आणि मागे जाऊन गोठ्याच्या भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. या वयाची पोरं कशी विसरतात ते मी एकदा घरात बसून पाहिलंय, बाबा. ती वाईट नसतात. त्यांच्या हातात ते नसतं, एवढंच.

मी एसटीवर ड्रायव्हर आहे. मी बारावीत असतानाच तुम्ही सोडून गेलात, पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. आठवड्यातले तीन दिवस मला वस्तीची गाडी असते. संध्याकाळी कुठल्या तरी गावात गाडी न्यायची, तिथेच झोपायचं, पहाटे पोरं नि मासळीवाल्या बायका भरून परत आणायची. तोवर पोरीला आई बघत होती. गेल्या हिवाळ्यात आईची उजवी बाजू गेली आणि सगळंच बसलं. शेजारची काकी दोघींना बघायची, पण तिला तिचा संसार आहे, किती दिवस बघणार? ताई डोंबिवलीहून फोनवर म्हणाली, "माझ्याकडे पाठव. आमचा मुलगा आता कॉलेजला जातो, घर रिकामंच आहे. इथे समोर शाळा आहे, जूनमध्ये घालू." तिचं काही चुकलं नाही. मी दोन महिने नाही नाही म्हणत राहिलो आणि मग हो म्हटलं. शिमगा होऊ दे, मे महिन्यात आणून सोडतो म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एकच शब्द आला. शिमग्याचा बाप.

तुम्हाला हा शब्द माहीत असेल की नाही कुणास ठाऊक. आम्ही वाडीतली पोरं तो वापरायचो. आमच्यात बाप दोन जातीचे होते, एक शिमग्याचा आणि एक गणपतीचा. ज्याला मुंबईत ज्या वेळी रजा मिळेल तसा तो यायचा. खालच्या घरातल्या पोराचा बाप गणपतीचा होता, माझा शिमग्याचा. कुणाचा बरा यावर आम्ही हातघाईवर यायचो. तो म्हणायचा, माझा बाप मोदक आणतो. मी म्हणायचो, माझा बाप पालखी नाचवतो. बारा महिने घरात असणारा बाप हा प्रकार आम्हाला फक्त शाळेतल्या गुरुजींच्या मुलाकडे दिसायचा, आणि त्याचा बाप त्याला रोज मारायचा, त्यामुळे आम्हाला त्याची कीवच यायची.

तुम्ही यायचात ते आठवतं. होळीच्या आधी दोन दिवस, सकाळच्या गाडीने. एक गोरटेला, गुळगुळीत दाढी केलेला माणूस पत्र्याची पेटी घेऊन अंगणात उभा आहे. शाईचा आणि कसल्यातरी खळीचा वास येतोय. आई म्हणतेय, "जा रे, बापूस आलाय तुझा." आणि मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसलोय. हे मला खरंच आठवतं की आईने इतक्यांदा सांगितलं म्हणून आठवतं, ते आता सांगता येत नाही. एक मात्र मला अजिबात आठवत नाही, ते आईच सांगायची, दर शिमग्याला, माणसं जमली की हमखास. मी चार वर्षांचा असताना चुलीपाशी जाऊन तिला विचारलं म्हणे, "आई, हे पाहुणे कधी जाणार?" तुम्ही पलीकडे जेवत होतात. आई सांगते, तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. माणसं पण हसायची. मीही हसायचो. तुमचा तो ठसका कसला होता हे मला या वर्षी कळलं.

पण मग दोन दिवसांत मी तुमच्या पाठीवर चढायचो. कारण ती पेटी. तुम्ही परळला छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होतात आणि वर्षभर रंगीत कातरणं साठवून शिमग्याला आणायचात. लाल, पिवळी, चकचकीत, लग्नपत्रिकेच्या कडा, कॅलेंडरची शेपटं. सबंध पेटीत आईला एक लुगडं, ताईला रिबिनी, आणि बाकी सगळी कातरणं. पडवीत सारवलेल्या जमिनीवर ती ओतायचात नि आपण खळ करून बसायचो. टोप्या, होड्या, पताका, माशाचे खवले. एकदा पुठ्ठ्याची लाल एसटी केलीत, दार उघडणारी. ती पाहून मी ड्रायव्हर झालो असं कुणाला वाटेल. तसलं काही नाही, बारावीला गणितात गचकलो म्हणून झालो. पण गाडी झकास होती.

आणि फिरणं. तुम्हाला कोण घाई असायची! सकाळी उठलो की निघालोच. एक दिवस वर कातळाच्या सड्यावर, काजूची बोंडं खायला, माझा सदरा डागांनी भरायचा नि आई बोंबलायची. एक दिवस शेवरीचा कापूस पकडायला. एक दिवस एसटीने पूर्णगडला, किल्ल्याच्या भिंतीवर बसवून खाली खाडीतल्या होड्या दाखवायला. एक दिवस मालगुंडला आत्याकडे, तिथून समुद्रावर. रात्री पालखीपुढे तुमच्या खांद्यावर. मी बसल्या बसल्या झोपायचो. कुणी म्हटलं, "अरे, वायच दम खा, पोर दमलंय," तर तुम्ही म्हणायचात, "दमू दे, नंतर वर्षभर झोपायचंच आहे." मग पालखी घरोघर फिरून देवळात परत जायची, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पेटी बांधायचात. नेमका मी तुम्हाला सरावलेला असायचो तेव्हा.

मी आठ वर्षांचा असताना तुम्ही मला मे महिन्यात एकदा मुंबईला नेलंत. गावच्या मंडळाची खोली, एका खोलीत अठरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. मग छापखाना. मशीनच्या आवाजात तुम्ही काय बोलत होतात ते मला ऐकूच येत नव्हतं. तुमच्या टेबलाखाली एक डालड्याचा डबा होता, तो उघडून तुम्ही मला दाखवलात. शिमगा होऊन दोन महिने झाले नव्हते, आणि तळाला थोडी निळी कातरणं जमली होती. शेजारचा माणूस ओरडून म्हणाला, "बघ रे, तुझा बाप आतापासूनच पुढल्या शिमग्याला लागलाय!" तुम्ही लाजलात. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला राणीच्या बागेत जायचं होतं. मी तुमचा हात ओढत होतो आणि तुम्ही डब्याचं झाकण घट्ट बसवत होतात.

हे सगळं मी या दोन महिन्यांत पुन्हा केलं, बाबा. अगदी तसंच केलं, आणि मला राग येतो. शिल्लक होती तेवढी रजा टाकली. शिमग्याला पालखी आली तेव्हा पोरगी माझ्या खांद्यावर होती. संकासुराचं सोंग आलं, काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं, तर तिने माझे केस असे धरले की उपटून काढते की काय. मी म्हटलं, "घाबरू नको, आमच्या डेपोतला कंडक्टर आहे तो." तिला ते पटलं. थोड्या वेळाने तिनेच वाकून त्याला विचारलं, "तिकीट मशीन कुठाय तुझं?" तो बिचारा नाचायचा थांबला. सगळी वाडी हसली. मीही हसलो आणि हसता हसता मनात म्हटलं, हे तिला आठवणार नाही. असं माझं चाललं होतं. प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला ते वाक्य बांधलेलं. मालगुंडला वाळूत तिने डेपो केला, शिंपल्यांची माणसं रांगेत उभी केली, एका फुटक्या शिंपल्याला "तू लायनीत ये" म्हणून दम दिला. हे तिला आठवणार नाही. वाटेत एसटीच्या प्रत्येक थांब्यावर तिला कंडक्टरसारखी घंटा मारायची होती, म्हणून मी मोटारसायकल आरे गावच्या चढावर, उतारावर, जिथे पाटी दिसेल तिथे थांबवत गेलो. मागचे गाडीवाले शिव्या घालत होते. हे तिला आठवणार नाही, शिव्यासुद्धा.

घरी तिचा एकच खेळ, एसटी. पडवीत पाट, पिंप, उलटी घमेली ओळीने मांडायची. ती कंडक्टर, मी कधी ड्रायव्हर, कधी पॅसेंजर. आजीची खाट म्हणजे मागची लांब सीट. "आजीला फुकट," असं ती स्वतःच जाहीर करायची आणि आई तोंडाच्या चांगल्या बाजूने हसायची. ताईकडे जायचं ठरल्यावर एकदा म्हणाली, "आज गाडी डोंबिवलीला." मी म्हटलं, "मला मध्येच उतरायचंय हो." "मध्ये थांबा नाही." "अहो, पण माझी म्हातारी आई आहे घरी." तिने कमरेवर हात ठेवले. "मग चढलात कशाला?" मी पाटावरच तोंड फिरवून बसलो. तिला वाटलं मी खेळात रुसलोय, तर तिने येऊन माझ्या गालाला लिमलेटची गोळी चिकटवली.

कातरणं कापायला माझा हात चालत नाही. प्रयत्न केला. रत्नागिरीहून रंगीत कागद आणले, होडी करायला गेलो तर तिची टोपी झाली. ती म्हणाली, "चालेल, टोपी पण चालेल." एवढीशी पोर मला सांभाळून घेत होती.

मग पूर्णगडला घोळ झाला. चैत्राचं ऊन, सकाळी किल्ला, दुपारी आंबा, काजूची बोंडं, करवंदं, वाटेत दोन वेळा बर्फाचा गोळा, संध्याकाळी पुन्हा समुद्र. ती म्हणत होती, "बाबा, घरी जाऊया." मी म्हणत होतो, "अजून थोडं, ती बघ होडी." रात्री तिला ताप भरला, उलट्या झाल्या. सकाळी काकी येईपर्यंत मी पातेलं नि फडकं घेऊन बसलो होतो. आणि आई, जिला शब्द सापडत नाहीत, जी पाणी म्हणायला दहा वेळा थुंकी गिळते, तिने खाटेवरून मला झाडलं. तुकड्या तुकड्यांनी, पण झाडलं. "मेल्या... बापावर गेलास. तो पण... असाच. दहा दिवसांत... वर्ष कोंबायचा. पोर आजारी... पाडून जायचा. मग मी... निस्तरायची." मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस मला हे." ती म्हणाली, "तो जाताना... रडायचा. कसं... बोलू?"

तुम्ही रडायचात? कुठे? मी कधी पाहिलं नाही. पेटी बांधताना मागीलदारी, न्हाणीत, कुठे? आईला विचारलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं. छापखाना बंद पडल्यावर तुम्ही कायमचे घरी आलात, दोन वर्षं एका छपराखाली राहिलो, तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा घोडा झालो होतो. तुम्ही पडवीत बसून असायचात आणि मी तुमच्यासमोरून चपला घालून निघून जायचो. तुम्ही विचारायचात, "कुठे चाललास?" मी म्हणायचो, "हे इथेच." बस, एवढं आपलं बोलणं. एकदा तुम्ही म्हणालात, "चल, पूर्णगडला जाऊन येऊ." मी म्हटलं, "काय आहे तिथे?" तुम्ही म्हणालात, "तसं काही नाही." मला तुमचा राग नव्हता, बाबा, खरंच नव्हता. तुम्ही माझे कुणीतरी आहात हे मला ठाऊक होतं, पण ते मला कुणी सांगितलेलं होतं, जसा धडा पाठ असतो तसं. अंगात नव्हतं. आणि आता पोरगी सतरा वर्षांची झाली की मी डोंबिवलीला जाणार, तिला म्हणणार, चल, गावाला जाऊन येऊ. ती मोबाइलवरून डोकं न उचलता काय म्हणेल ते मी आत्ताच लिहून देतो. हे सगळं मला दिसतंय आणि तरी मी तिला सोडून आलो, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. मी हरलो, बाबा. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि आईला टाकून मुंबईला जायचं कसं? सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, कुठूनच वाट नाही.

शेवटचं वेळणेश्वरला नेलं. या वेळी शहाण्यासारखा, एकच ठिकाण, दुपारी सावली, जेवण घरचं. जयगडला मोटारसायकल फेरीबोटीत घातली, तर तिला वाटलं आता एसटी पण पाण्यात चालणार. पलीकडे जाऊन देवळात पाया पडलो. गाभाऱ्यात एक म्हातारी बाय बसली होती, तिने विचारलं, "काय गो बाय, कुणाची तू?" पोरगी ऐटीत म्हणाली, "मी आत्याकडे चाललेय मुंबईला. तिथे लिफ्ट आहे. मी एकटी बटण दाबणार." म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "खुशीत दिसते." मी म्हटलं, "हो, खुशीत आहे." देवाकडे काय मागायचं ते मला सुचेना. तिला सुखी ठेव म्हणावं, तर ती होतीच सुखी. मी हात जोडून नुसता उभा राहिलो, मागच्या माणसाने ढकललं तेव्हा पुढे सरकलो.

ती खरंच खुशीत होती, बाबा. हेच कुणाला कळत नाही. सगळे विचारतात, पोरगी फार रडली असेल ना? छे! महिनाभर आधी तिने पिशवी भरायला घेतली होती. दिवसाच्या गाडीने गेलो, ड्रायव्हर झाल्यापासून मी पहिल्यांदा मुंबईपर्यंत पॅसेंजर म्हणून बसलो. ड्रायव्हर माझ्याच ओळखीचा, त्याने तिला पुढे केबिनजवळ बसवून घेतलं. मी मागे होतो. सबंध घाटभर तिने एकदाही वळून पाहिलं नाही. ताईच्या घरी गेल्यावर लिफ्टमध्ये चार वेळा वर-खाली झालं, मग आतेभावाच्या खोलीतला कॉम्प्युटर, मग आईस्क्रीम. दुसऱ्या दिवशी मी निघालो. ती दारात उभी, ताईच्या गाऊनला धरून. मी खाली बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "रडू नको हां." ती म्हणाली, "मी कुठे रडतेय?" अगदी सरळ, जसं आहे तसं. आणि माझ्या आधी जाऊन लिफ्टचं बटण दाबलं, मला खाली पाठवायला.

परतीच्या गाडीत घाटाच्या आसपास मला एकदम आठवलं. शिमगा संपला की आम्ही तुम्हाला थांब्यावर पोचवायला यायचो. तुम्ही गाडीत चढायचात, जागा धरायचात, मग खिडकीतून अर्धे बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, "रडू नको हां." दरवर्षी, न चुकता. आणि मी रडत नसायचोच, बाबा. माझ्या हातात नवीन टोपी नाहीतर होडी असायची, मला घरी जाऊन ती ओहोळात सोडायची असायची. मला वाटायचं, मोठी माणसं असं म्हणतात, जसं पडशील म्हणतात, जेव म्हणतात. गाडी वळेपर्यंत तुम्ही खिडकीतून मान काढून बघत असायचात. आई म्हणायची, "हात हलव." मी हलवायचो. एकाही वर्षी, एकदासुद्धा, मी तुम्हाला ते रडणं देऊ शकलो नाही.

गेले सात दिवस ताई रोज फोन करते. "मजेत आहे रे, तू काळजी करू नको. जेवते, झोपते, नाव पण काढत नाही तुझं." हे ती माझं बरं व्हावं म्हणून सांगते. मी म्हणतो, "चांगलं आहे." फोन ठेवतो, ताट पुढे घेतो आणि दोन घास खाऊन उठतो. काकी म्हणते, वाळलास. डेपोतले म्हणतात, सुटलास एकदाचा, आता झोप काढ.

काल संध्याकाळी पुन्हा फोन आला. ताईचा आवाज पडलेला होता. म्हणाली, "आज फार केलं रे तिने. जेवता जेवता हात थांबवला आणि एकदम बाबा पाहिजे म्हणून सुरू झाली. तासभर रडत होती, कुणाला जवळ येऊ देईना. ओकारी येईपर्यंत रडली. आता रडून रडून झोपलीय, झोपेत पण हुंदके देतेय." मी म्हटलं, "असू दे, नवीन जागा आहे, रुळेल हळूहळू." ताईला धीर दिला, भावोजींची चौकशी केली, सगळं नीट बोललो. फोन ठेवला. आणि बाबा, मला बरं वाटलं. माझी लेक ओकारी येईपर्यंत रडली हे ऐकून मला बरं वाटलं. चुलीपाशी गेलो, आमटी गरम केली, आईला भरवलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.